ताईची किडनी

कपडे अंगापेक्षा मोठे, नाहीतर अंग कपड्यांपेक्षा मोठं, या दोन दुःखांवर त्या दोघी बहिणींचं दुकान चालत असे. नवं शिवायच्या फंदात त्या पडत नसत. कुणाची पँट कमरेत बसेनाशी झाली, कुणाचा मुलगा एका सुट्टीत वीतभर वाढला, कुणी बारीक होण्याच्या भरवशावर एक माप लहान कोट घेतला आणि बारीक होणं काही जमलं नाही, की तो कपडा पिशवीत घालून त्यांच्याकडे यायचा. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. एकीला उठायचं तर दुसरीला पाय आखडून घ्यावे लागत. गिऱ्हाइकं एकीला थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. थोरलीचं तोंड चालायचं आणि धाकटीचा हात.

थोरलीचं तोंड म्हणजे काय, ते ज्याने ऐकलं त्यालाच ठाऊक. आरशासमोर पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या माणसाला ती पडद्याबाहेरून सांगायची, "श्वास सोडा आता, घरी गेल्यावर सोडावाच लागणार आहे." तिच्या पोटात एक किडनी कमी होती, तरी गुपितं ठेवायला जागा नव्हती. ती किडनी धाकटीच्या पोटात होती, आणि हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, कारण थोरलीनेच ते सांगितलं होतं.

धाकटीच्या दोन्ही किडन्या ऐन उमेदीत कामातून गेल्या. नवरा तोवर निघून गेला होता. लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता तो, आणि एका फेरीवरून परतलाच नाही. मेला नव्हता, दुसरीकडे राहायला लागला होता. थोरलीने लग्नाआधीच त्याच्या नावाने नाक मुरडलं होतं, त्यामुळे "सांगितलं होतं ना तुला" हे वाक्य धाकटीने जन्माला पुरेल इतकं ऐकून घेतलं होतं. पण किडनीची वेळ आली तेव्हा थोरली एक शब्द बोलली नाही. तपासण्या करून घेतल्या, ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन निजली आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "चालू झाली का तिकडे?"

चालू झाली होती. ती चालू राहावी म्हणून धाकटीला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागत, त्याही कायमच्या. किडनीच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की शरीराची प्रतिकारशक्ती परकं काही दिसलं की त्याच्यावर तुटून पडते. म्हणून तिला या गोळ्यांनी जरा गुंगीत ठेवायचं. मग ही किडनी दुसऱ्याची आहे, हे तिच्या ध्यानात येत नाही.

"दुसऱ्याची कशी?" थोरली उखडली. "सख्ख्या बहिणीची आहे!"

"शरीराला नाती कळत नाहीत हो," डॉक्टर म्हणाले.

त्या गोळ्यांनी किडनी सांभाळली, पण धाकटीच्या हातांना कंप आणला. मशीनवर तो फारसा नडत नसे, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग रोज सकाळी दुकान उघडलं की थोरली आधी सुया ओवून ठेवायची, काळ्या दोऱ्याच्या, पांढऱ्या, करड्या, आणि ओळीने उशीत खोचायची. सकाळच्या गोळ्या तिच्याच डोळ्यांदेखत चहाबरोबर व्हायच्या. "घे, माझा माल सांभाळ," असं म्हणून ती पेला पुढे करायची. संध्याकाळच्या गोळ्या धाकटी आपल्या खोलीवर घ्यायची. ती खोली मागच्या गल्लीत होती. एक खाट, एक शेगडी आणि खिडकीतून समोरच्या भिंतीचा गिलावा.

किडनीचे डॉक्टर तिला दर वर्षी सांगत, बायकांच्या डॉक्टरकडे एकदा तपासून घ्या, तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे, तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरज. धाकटी दर वर्षी हो म्हणायची आणि जायची नाही. शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावून वेळ ठरवून दिली, तेव्हा तिचा नाइलाज झाला. थोरलीला म्हणाली, बटणं आणायला जाते.

बायकांच्या डॉक्टर पोक्त होत्या, शांत बोलायच्या. तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी आधी एकच गोष्ट सांगितली, "हा कॅन्सर नाही."

हे वाक्य ऐकून कुणालाही बरं वाटलेलं नाही. धाकटीलाही वाटलं नाही.

"गर्भाशयाच्या तोंडावरच्या काही पेशी बदलायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "लक्ष दिलं नाही तर पुढे काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. आत्ता नाही."

"कशाने झालं?"

"एक विषाणू असतो, शरीरसंबंधातून येतो. लाजू नका, बहुतेक बायकांना कधी ना कधी होऊन जातो. आला कधी, गेला कधी, पत्ताही लागत नाही. शरीर आपलं आपण त्याला हुसकून लावतं. बदललेल्या पेशीसुद्धा पुष्कळदा आपोआप ठीक होतात."

"मग माझ्या का नाही झाल्या?"

"तुमच्या त्या गोळ्या. किडनीसाठी शरीराचा पहारा गुंगीत ठेवलाय ना, तो इथेही गुंगीतच राहतो. किडनीपाशी झोप आणि इथे जागा राहा, असं त्याला सांगता येत नाही."

पेशी थोड्याच बदलल्या होत्या, म्हणून तेव्हा नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. पुढच्या खेपेला मात्र त्या एक पायरी पुढे गेलेल्या दिसल्या. "आता तेवढा भाग काढून टाकू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जागेवर भूल द्यायची, थोड्या वेळाचं काम आहे. त्याच दिवशी घरी जाल. सोबतीला फक्त कुणाला तरी आणा. आणि किडनीच्या डॉक्टरांना हे कळवा, गोळ्यांचं काय ते त्यांनाच ठरवू दे."

सोबतीला कुणाला म्हणजे थोरलीला. दुसरं होतंच कोण? आणि थोरलीला सांगायचं म्हणजे तो विषाणू, तो नवरा, "सांगितलं होतं ना तुला", आणि आठ दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी धाकटीचं गर्भाशय. इकडे आड, तिकडे विहीर. धाकटीने दोन्हींपैकी काहीच निवडलं नाही. ती मुकाट्याने कामाला बसली आणि ठरलेल्या दिवशी गेलीच नाही. किडनीच्या डॉक्टरांनाही ती काही बोलली नाही.

पण डोक्यात तेच फिरत राहिलं. एवढी औषधं, एवढी यंत्रं, आणि शेवटी ज्याचं त्याचं शरीरच विषाणूला हाकलतं! म्हणजे आपलंही शरीर आपल्यासाठी लढायला तयार आहे, आणि रोज संध्याकाळी त्याला झोपवतो ते आपण. तिला आपल्या शरीराची दया यायची. थोरल्या बहिणीची दया कधी येत नाही माणसाला, शरीराची येते.

तेव्हाच एका शिक्षकाचा कोट दुकानात आला. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये आडवी घडी पडत होती. नवशिका असता तर पाठच उसवून बसला असता. धाकटीने कोट त्याच्या अंगावर चढवला, फिरून पाहिला आणि बगलेखालची शिवण अर्धं बोट सैल केली. पाठीला हातसुद्धा लावला नाही. घडी गेली. तिच्या धंद्यातला हा रोजचाच प्रकार होता. ओढ दिसते एकीकडे आणि आवळलेलं असतं दुसरीकडे. सगळं उसवायचं नाही, जरासं ढिलं करायचं, म्हणजे दोन्हीकडे बसतं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं आणि एकही कपडा वाया घालवला नव्हता. त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर तिने दोन गोळ्यांतली एकच घेतली.

बंद नाही केल्या तिने. एवढी अक्कल तिला होती, आणि तिथेच घात झाला. पुरती मूर्ख असती तर सगळ्या फेकून दिल्या असत्या आणि आठवड्याभरात पकडली गेली असती. तिने अगदी हिशेबाने सैल केलं. सकाळच्या सगळ्या घ्यायच्या, संध्याकाळची एक सोडायची. किडनीलाही राग येणार नाही, आणि खाली जरा जाग येईल. सुंठीवाचून खोकला जाईल, ताईला कळायलाच नको. रक्त तपासायची तारीख जवळ आली की ती आधीचे काही दिवस सगळ्या गोळ्या इमानाने घ्यायची. गिऱ्हाईक यायच्या आधी कपड्यावर इस्त्री फिरवावी तसं. डॉक्टरांना आकडे बरे दिसायचे.

आणि तिला खरंच बरं वाटायला लागलं. हाताचा कंप कमी झाला. एके सकाळी थोरली सुया ओवायला बसली तर धाकटीने तिच्या हातातून सुई घेतली आणि पहिल्याच फटक्यात दोरा घातला.

"अगं!" थोरली ओरडलीच. "हात बरा झाला तुझा!" तिने शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून बोलावलं, त्याच्यासमोर धाकटीकडून पुन्हा सुई ओवून घेतली आणि त्याला म्हणाली, "बघितलंस? माझी किडनी आहे ती. उशिरा का होईना, गुण दाखवला."

धाकटी हसली. तिला वाटलं, आपण बरोबर करतोय. मग महिन्या-दीड महिन्याने तिने संध्याकाळची दुसरीही गोळी कमी केली, एक दिवसाआड. वर्ष असंच गेलं.

शरीर गुंगीतून उठलं खरं. पण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना, कुठे जागं राहायचं आणि कुठे झोपायचं हे त्याला सांगता येत नाही. ते उठलं आणि किडनीवर गेलं.

आधी चपलांचे पट्टे पायात रुतायला लागले. मग सकाळी डोळ्यांखाली फुगवटा. थोरली म्हणाली, झोप नीट घे. मग लघवी कमी झाली, जेवण नकोसं झालं, आणि दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, तेव्हा थोरलीने तिला धरून रुग्णालयात नेलं. किडनीच्या डॉक्टरांनी रक्ताचा निकाल पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "गोळ्या चुकल्या का मध्ये?"

धाकटीने तोंड उघडलं होतं. ती सांगणार होती की नाही, हे तिचं तिलाही नंतर कधी कळलं नाही, कारण थोरलीच पुढे झाली. "एक दिवस चुकली नाही हो डॉक्टर! मी आहे ना समोर. माझ्या हाताने पेला देते."

डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने ताईच्या म्हणण्याला मान डोलावली.

जोरदार इंजेक्शनं झाली. शरीराचा पहारा पुन्हा झोपवायचा सगळा प्रयत्न झाला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. किडनी बंद पडली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्या जुन्या गोळ्या हळूहळू थांबवल्या. ज्याची राखण करायची तेच उरलं नव्हतं.

थोरली प्रत्येक वेळी सोबत जायची. धाकटीचं रक्त नळीतून यंत्रात जात असताना ती खुर्चीवर बसून कुणाच्या तरी पँटला खालची पट्टी घालत असे. पाणी मोजून प्यायचं होतं, तर स्वतःही तिच्यासमोर पाणी पीत नसे. फक्त तिचं तोंड पूर्वीसारखं चालत नव्हतं. चाललं तर एकाच गोष्टीवर. "डॉक्टर म्हणाले, काही किडन्या टिकत नाहीत. माझीच नासकी निघाली. एवढा गाजावाजा केला, आणि बहिणीला दिली ती कुचकी." हे ती इस्त्रीवाल्याला सांगायची. गिऱ्हाइकांना सांगायची. कोटाचं माप देणाऱ्या अनोळखी माणसालाही, टेप त्याच्या छातीवर धरून, सांगायची. तो बिचारा काय बोलणार? "तुम्ही तरी काय करणार," म्हणायचा. थोरली म्हणायची, "तेच तर."

आणि धाकटी मूग गिळून शेजारच्या मशीनवर बसलेली असायची. आज सांगू म्हणता म्हणता उद्या व्हायचा. पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं. दहाव्या दिवशी त्याहून अवघड झालं, कारण आता किडनीबरोबर ते दहा दिवसही सांगावे लागणार होते. तिला स्वतःची शिसारी यायची, रडू यायचं. पण तोंड उघडत नव्हतं.

मृत माणसाची किडनी मिळण्यासाठी यादीत नाव लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्या तपासण्या पुन्हा निघाल्या. त्यात बायकांच्या डॉक्टरही आल्या. थोरली सोबत आत गेली. तिला बाहेर थांबवण्याची ताकद धाकटीत उरली नव्हती.

"तुम्ही आलाच नाहीत!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो भाग काढायचा राहिला. आम्ही फोनही केला होता."

"कसला भाग?" थोरलीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "सांगा. बहीण आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. तपासणीसाठी पुन्हा एक तुकडा घेतला आणि निकालाला बोलावलं.

बाहेर आल्यावर धाकटी "सांगितलं होतं ना तुला" याची वाट पाहत राहिली. ते आलं नाही. बसमध्ये थोरलीने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "वेडी आहेस. एकटीने एवढं पोटात ठेवलंस. मी आले असते गं." मग जरा वेळाने, "कुणाला बोलणार नाही मी." आणि खरंच बोलली नाही. इस्त्रीवाल्यालासुद्धा नाही. ज्या तोंडाला भिऊन धाकटीने सगळं केलं होतं, ते तोंड गप्प राहू शकत होतं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई खुशीत होत्या. "चांगली बातमी आहे. पेशी पूर्ण ठीक झाल्यात. विषाणूही सापडला नाही. आता काही काढायची गरज नाही, फक्त तपासत राहायचं."

थोरलीने दोन्ही हात जोडले. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू आलं. "औषध कोणतं लागू पडलं?"

"औषध नाही. शरीराने स्वतःच केलं. गोळ्या सुटल्या, पहारा जागा झाला, त्याने विषाणूला हाकललं. कधी कधी गोळ्या चालू असतानाही जातो, नक्की सांगता येत नाही. पण बहुधा तसंच."

"गोळ्या तर आत्ता कुठे बंद झाल्या," थोरली म्हणाली. अजून हसतच होती ती. "एवढ्या लवकर बरं होतं?"

"छे, हे काही एका महिन्यात होत नाही. बरेच महिने शरीर झटत असणार..." डॉक्टरबाई मध्येच थांबल्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. थोरलीने आधी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग त्या जिकडे बघत होत्या तिकडे.

धाकटीने नजर खाली घातली. तेवढं पुरलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. समोरून एक बाई चाकाच्या खुर्चीवर एका म्हाताऱ्याला ढकलत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर थोरली धाकटीकडे वळली.

"संध्याकाळच्या?" तिने विचारलं.

"हो."

"मी डॉक्टरांना सांगितलं, एक दिवस चुकली नाही."

"ताई, मला वाटलं, जरासं..."

"किडनी गेली त्याचं वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वाटतं. माझ्या पोटातली होती ती. पण भीतीने माणूस काहीही करतो, तेही एक वेळ समजू शकते मी." तिने पदराने तोंड पुसलं. "मी जगाला सांगत फिरले, माझीच नासकी, माझीच कुचकी. रोज. तुझ्या शेजारी बसून. आणि तू ऐकून घेतलंस."

धाकटीला म्हणायचं होतं की मी रोज सांगणार होते. ते खरंही होतं. पण असलं खरं कुणाच्या काय कामाचं, हे तिला तिथे बाकावर बसल्या बसल्या कळलं.

बसमध्ये शेजारी शेजारी दोन जागा होत्या. थोरली पुढे जाऊन एका अनोळखी बाईशेजारी बसली. उतरल्यावर तिने दुकान उघडलं, मशीनवरचं फडकं काढलं आणि राहिलेली पँट हातात घेतली. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं. पिशवीतून कोट काढता काढता त्याने नेहमीसारखं विचारलं, "बहिणीची तब्येत काय म्हणते?"

धाकटीचे हात मशीनवर थांबले. आता ही सांगणार, सगळं सांगणार, आणि सांगितलं तर बरंच होईल, असं तिला वाटलं.

"बरी आहे," थोरली म्हणाली. "हात वर करा, माप घेते."

त्यापुढे तिने किडनीचा विषय कुणाकडेच काढला नाही. नासकी म्हणाली नाही, चांगलीही म्हणाली नाही. पुढच्या डायलिसिसच्या सकाळी धाकटी तयार होऊन दुकानाच्या दाराशी उभी राहिली. थोरलीने मान वर न करता सांगितलं, "जाऊन ये तू. मला काम आहे."